कोंबडा की कोंबडी

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या,
"गोळ्या चालू ठेवा. आणि जांभळी फळं द्या.
करवंद, जांभूळ, तुती, मिळेल ते.
त्या रंगात मेंदूला आधार असतो म्हणतात.
हमी नाही देत हं मी."

हमी तर केएमटीच्या वेळेचीही नव्हती कधी.
तरी एकतीस वर्षं तुम्ही माणसं पोचवलीत.

आता बिंदू चौकानंतर काय येतं, आठवत नाही.
मिरजकर तिकटी म्हटलं
की हात छातीशी जातो,
नसलेल्या पिशवीतलं तिकीट फाडायला.

वैशाखात कपिलतीर्थाच्या तोंडाशी ठकूबाई बसते,
गगनबावड्याकडची.
पळसाच्या पानांवर करवंदांचे ढीग,
बोटांवर वाळलेला चीक.
"कुणासाठी एवढी?"
"मालकांच्या डोक्यासाठी."
ती हसली. "डोक्याचं मला न्हाई ठावं.
आमचा म्हातारा नव्वदीला आलाय, अजून जाळीत शिरतोय.
करवंदानं म्हणा, न्हाईतर डोंगर चढून म्हणा."
आणि मूठभर वर घातली.

दिवस मावळायच्या आत वाटी पुढं केली.
मावळल्यावर खायचं नाही,
हा नियम तुम्हाला अजून पाठ आहे.
माझ्यापेक्षा पक्का.

तुम्ही एक करवंद उचललंत,
मुठीत झाकलंत,
आणि सुट्टे मागताना बघायचात तसं बघून विचारलंत,
"कोंबडा की कोंबडी?"

बेचाळीस वर्षांत हे मला कधी विचारलं नव्हतंत.
हा डाव माझ्या आधीचा.
शिरोळच्या शाळेची मधली सुट्टी,
चड्डीच्या खिशात काळे डाग,
आणि समोर कुणीतरी.

"कोंबडी," मी म्हटलं.
तुम्ही दातानं फोडलंत. आत लालभडक.
"कोंबडा! हरलीस, कुसुम."

माझं नाव शालन.

वाटीतली करवंदं तशीच टपोरी होती.
रस्त्यावरून बस गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या,
तुमची मान सवयीनं तिकडं वळली.
डॉक्टरीणबाईंना काय सांगू?
फरक पडला म्हणू, की नाही म्हणू?
आठवलं तर खरं काहीतरी.
माझ्या वाटणीचं नव्हतं, एवढंच.

जूनमध्ये जांभळं येतील.
पावशेर फ्रीजमध्ये गोठवून ठेवीन, बियांसकट.
बिंदू चौकापुढचं उद्या विचारीन.

तुम्ही जीभ बाहेर काढून दाखवलीत, जांभळी.
मीही दाखवली.
मग वाटीतलं एक करवंद उचललं,
मुठीत झाकलं.

आता राज्य तुमच्यावर.
सांगा.