इकारान्त पुल्लिंगी

कार्तिक वद्य षष्ठीच्या आदल्या संध्याकाळी
हसमुख पांचाळ दांडिया बाजारात माझ्या ओट्यापाशी आले
आणि चपला काढून खालीच उभे राहिले.
रावपुऱ्यात त्यांचं चष्म्याचं दुकान.
कर्णिकांसोबत एकतीस वर्षं एका घरात,
कोणाला ठाऊक नव्हतं?
मलाही होतं. म्हणून तर देवळात
त्यांच्या ओंजळीत तीर्थ मी वीतभर उंचावरून सोडायचो.
त्यांनी ओंजळ कधी मागे घेतली नाही.

"पुतण्या अग्नी देऊन तिसऱ्या दिवशी पुण्याला गेला,
कपाटाला कुलूप घालून.
वर्षश्राद्धाला येत नाही म्हणतो.
मी केलं तर चालेल, गुरुजी?"
मराठी कर्णिकांच्या घरातलं, हेल मात्र मांडवीचा.

गोड बोलून टाळणं मला जमत नाही.
म्हटलं, तुमचं ते जगणं मला मान्य नाही.
काल नव्हतं, उद्याही बहुधा नसेल.
"ते माहीत आहे," ते म्हणाले,
"ते विचारायला नाही आलो.
तिथी विचारायला आलो. उद्याच ना?"

रात्री पोथी काढली.
अधिकाराची यादी लांबलचक:
मुलगा, नातू, भाऊ, पुतण्या, जावई,
आणि कोणीच नसेल तर,
अगदी काठावर, मित्र.
चष्मा घसरत होता.
त्याची दांडी त्यांनीच बसवून दिलेली.
"गुरुजींकडून काय घ्यायचं," म्हणाले होते,
आणि मीही आग्रह केला नव्हता.

सकाळी संकल्पालाच अडलो.
त्यांचं गोत्र त्यांना ठाऊक नव्हतं, काश्यप घातलं;
ज्याला माहीत नाही त्याला काश्यप, ही सोय जुनी.
पण 'मम' म्हटलं आणि पुढचा शब्द येईना.
मम कोण?
पित्याचं, मातेचं, बंधूचं,
चाळीस वर्षं जीभ त्याच खाचांतून धावते.
विचारलं, काय म्हणू?
"तुमच्या तोंडात बसेल ते म्हणा,"
आणि दर्भाकडे बघत राहिले.

तेव्हा पाठशाळेतली छडी आठवली.
सखि शब्द. इकारान्त पुल्लिंगी.
मी तो हरीसारखा चालवला होता,
दिसायला तसाच, शेवटी तीच ऱ्हस्व इ.
"अरे, तो नाही चालत हरीसारखा!
सखा, सखायौ, सखायः. षष्ठीला सख्युः.
तो त्याचा वेगळा चालतो, वेगळा पाठ कर."
व्याकरणाने त्याला हाकलून दिलं नाही,
एक पान दिलं.

याला मी प्रमाण म्हणत नाही.
विश्वस्तांनी खोदून विचारलं तेव्हाही म्हटलं नाही.
शब्दरूपावरून धर्म ठरत नसतो, एवढं कळतं मला.
पण तिथी षष्ठी, विभक्ती षष्ठी,
आणि षष्ठी असते संबंधाची;
समोर एक माणूस सकाळपासून उपाशी.
मम सख्युः, म्हटलं,
आणि पुढे श्रीनिवासचं नाव घेतलं.
पवित्रक चढवताना त्यांचं बोट धरलं.
बारीक स्क्रू पिळून पिळून टोकाला घट्टा पडलेला.

पिंड सोडायला विश्वामित्रीवर गेलो.
ते पायऱ्या उतरत राहिले, पाण्याच्या फार जवळ.
"अहो पांचाळ, पुढे नका जाऊ! मगरी आहेत!"
त्यांनी मागे वळून बघितलं,
जणू दुसऱ्याच कोणाला हाक मारली होती.

जेवलो मात्र नाही.
शिधा घेतला, पाणी प्यालो, निघालो.
पानावर कर्णिकांच्या आवडीचं अळू निवत होतं.

हे गेल्या वर्षीचं.
मत माझं जिथे होतं तिथेच आहे.
तीर्थ तेवढं आता पळी तळहाताला टेकेल असं देतो.
यंदाच्या पंचांगात षष्ठीला खूण केली आहे.
काल दुकानावरून जाताना थांबलो, म्हटलं,
या खेपेला शिधा बांधू नका.
ते चपापले. "म्हणजे येणार नाही?"
येईन हो.
तुमच्याकडचं अळू खाजरं नाही ना?