अंगठ्याएवढा

मात्सालूच्या दलदलीतली लाकडी वाट
एंडेल काठीनं मोजतो : एकशे चौदा फळ्या,
सत्तरावी करकरते. तिथं थांबायचं.
"आता बोलू नकोस. थर्मासही उघडू नकोस."

लव्हाळ्यांत कुणी रिकाम्या बाटलीवर फुंकर घालतं.
"बगळ्यांच्या कुळातला. भारी लाजरा,
डोळेवाल्यांनाही सापडत नाही. त्याच्यापुढं आपण सारखेच."
गवतात कंगव्याच्या दातांवरून नख फिरतं.
त्याला तो दटावतो : "रात्रभर हेच चाललंय ना, शहाण्या?"

मग स्प्रूसच्या झाडांखाली. इथं तो टोपी काढतो.
त्या पाखराला आमच्याकडे अंगठ्याएवढा पोर म्हणतात;
आवाज सुईच्या नेढ्यातून ओवून काढलेला.
"आला?"

आला होता. डोक्यावरच, सलग,
मला ऐकू येत होता.
एंडेलनं मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे,
पोहरा सोडून पाण्याच्या आवाजाची वाट पाहावी तशी.
"यंदा उशीर करतोय."

डोळे गेले तेव्हा तो चाळिशीत होता.
आठवड्याभरात चहा स्वतः करायला लागला, म्हणतात.
आता हे मी कसं सांगू?

त्याचा हातमोजा काढला,
तळव्यावर अंगठ्यानं ठोके देऊ लागले :
बारीक, बारीक, बारीक, जरा वर,
शेवटी एक गिरकी.
हात त्यानं मागे घेतला नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"शेवट चुकलीस. तिथं तो ठेचकाळतो.
पुन्हा ऐक."