पाटीवरचे एकोणीस रुपये

सुपडू पटवेकर दर रविवारी चोपड्याच्या बाजारात
माझ्या स्टुडिओच्या पायरीवर बसतो,
दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून.
त्या दिवशी आत आला, मुठीत हार.
म्हणाला, दोरा कुजलाय, कापावा लागेल.
कापायच्या आधी फोटो काढ. रंगीत. आणि खरा.
अकरा राणीछाप, आठ राजांचे,
ओवताना एक जरी इकडचा तिकडे झाला
तर हिरकणबाई मला बाजारात बसू द्यायची नाही.

मी हसलो. चांदीला कसला आलाय रंग?

पहिला फोटो ट्यूबलाइटखाली:
सगळ्या राण्या शेवाळलेल्या.
बल्ब लावला, चांदी पितळेच्या भावात गेली.
दाराशी नेला तर समोरच्या कापड दुकानाची गुलाबी भिंत
राजाच्या टकलावर येऊन बसली.
पासपोर्ट फोटोचं बरं असतं,
माणसाला स्वतःचा म्हणून थोडा तरी रंग असतो.
चांदी समोर येईल त्याची होते.
वाकून पाहिलं तर तिथे मीही,
लाल शर्टात, एकोणीस वेळा.

शर्ट काढला. बनियनवर काम सुरू.
मखमल गुंडाळून ठेवली, ती कडेकडेने तांबडं सांडत होती.
पोरीची दगडी पाटी आणली, पुसून, वाळवून.
जिनिंगमधला कापूस घरात होताच,
त्याचा बोळा पाटीवर ठेवला
आणि कॅमेऱ्याला सांगितलं, बघ, हे पांढरं.
कॅमेरा भोळा.
आपला कापूस सायीच्या अंगाचा,
त्याने तेवढी साय वजा केली
आणि रुपये निळे पडले
विहिरीतून वर आलेल्या पोरांच्या ओठांसारखे.

नाशिकहून आणलेलं राखाडी कार्ड
शेवटी बिलबुकाखाली सापडलं.
कोणाचीच बाजू न घेणारा एक पुठ्ठा.
सकाळचे दहा, उत्तरेचं दार, पंखा बंद.
आधी कार्डाचा फोटो, मग हाराचा.

तेव्हा दिसलं.
चौथ्याच्या कडेला जांभळाचा डाग.
सातवा मधात बुडवून काढलेला.
बाराव्या राणीच्या अंबाड्यात मोरपिशी रेघ,
नाही, अकराव्या. बारावा राजा.
डाकलेल्या कड्यांभोवती काजळ,
आणि अगदी मधला असा काळा
की त्याच्यावरचं साल मला वाचता येईना.
संगणकात एक काटा ओढला असता
तर सगळे एकसारखे लखलखले असते.
सुपडू मागे उभा होता, म्हणाला,
चिंच लावायला सोनार बसलेत की गावभर.

प्रिंटच्या पाठीवर त्याने पेन्सिलने आकडे घातले
आणि कात्री चालवली.
रुपये पाटीवर पडले, एक घरंगळून कॅमेऱ्याच्या पायाशी.

दुपारनंतर हिरकणबाई आली.
रिकाम्या गळ्यावर हात ठेवून फोटो बघत राहिली.
लग्नापासून हार उतरवलेला नव्हता.
कोना शे हाऊ हार? तिने विचारलं.
सुपडूचा चेहरा उतरला. त्याने पेन्सिलचे आकडे दाखवले,
चौथ्यावरचा डाग दाखवला, ओवलेला हार पुढे केला.
तिने तो पालथा केला.

पाठीमागे एकही डाग नव्हता.
घामाने, कातड्याने, झोपेत कूस बदलून बदलून
गुळगुळीत झालेलं पांढरं,
मजकूर गेलेला, वेलबुट्टी गेलेली.
एवढ्या वर्षांत तिच्या बोटांना हेच लागत होतं,
जांभळं-मोरपिशी सगळं बाजाराच्या बाजूला.

हाई बाजू काढ, ती म्हणाली.

ऊन गुलाबी भिंतीवर पोचलं होतं,
पाठीवरचं पांढरं बघता बघता गुलाबी.
मी शर्ट पुन्हा काढायला लागलो, थांबलो.
म्हटलं, बाई, आता रंग खोटा येईल. उद्या दहाला या.

उद्या बाजार नाही, म्हणाली,
आणि हार घातला.