रुमालाखाली

पहाटेचे तीन. तुर्भ्याच्या बटाटा गाळ्यात
गाडीची वाट बघत मी मोबाईलवर पोकर खेळतोय.
डुंबरेशेठ मागून डोकावतात.

"दुर्री-सत्ती धरून काय बसलास? टाक.
दहातले सात डाव टाकायचेच असतात."

पुढच्याला राजांची जोडी.
मी झटक्यात दोनशे लावले.
सगळे पळाले.

"रुमालाखाली भाव करताना
माझं बोट चांगल्या मालाला जेवढं दाबायचं
तेवढंच सडक्याला."

आणि थाप?

"मारावी. पण पहिल्या पत्त्यापासून
तीच गोष्ट सांगत आला असशील तर.
अन् समोरचा ऐकणारा पाहिजे.
बहिऱ्यापुढे कसली थाप!"

गाडी लागते. शेठ एक बटाटा चिरतात, हुंगतात.
मी त्यांच्या तोंडाकडे बघतो.
माल कसाय, कळत नाही.