कोरा प्रयोग

परळीच्या थर्मलची चिमणी
आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी,
आणि मी नांदेडहून मागवलेल्या
कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची
पावती फायलीला लावतेय.
गित्ते मामा म्हणतात,
"समोर फुकट चाललाय की गं,
बादली लाव."

युरिया मात्र इथलाच.
मोंढ्यातून अर्धा किलो.
दुकानदारानं विचारलं, कोणत्या पिकाला?
म्हटलं, भट्टीला.
साडेपाचशे अंश, चार तास,
डोळ्यांत अमोनिया.
झाकण काढलं तर मूठभर पिवळं,
हळदीपेक्षा फिकट,
श्वास सोडला तरी उडेल असं.

त्यावर तांब्याचे कण बसवले.
केसाच्या जाडीत ओळीनं वीस हजार मावतील.
मला ते कधी दिसले नाहीत.
पुण्याहून आलेल्या फोटोत
कणसावर काणी पडावी
तसे काळे ठिपके, एवढंच.

दिव्यातलं अतिनील काचेनं अडवलं.
उरला तो रोजचा उजेड
ज्यात आई गहू निवडते.
त्याच्या एका ठोक्यानं इलेक्ट्रॉन उठतो,
मागे जागा रिकामी राहते,
आणि बहुतेकदा तो तिथेच परत येऊन बसतो
काही झालंच नाही असा.
आमचं सगळं भांडण
त्या परत येण्याशी.

श्रावणात एका दुपारी कागदावर टेकडी उमटली.
मिथेनॉल!
हवेतला धूर, पाणी, उजेड, आणि मिथेनॉल.
मामांनी सगळ्यांना चहा आणला.
बिल्कीस मॅडमनी कप हातात धरला, प्यायल्या नाहीत.
"आता गॅस न देता कर.
नुसता नायट्रोजन भर."

भरला.
तीच टेकडी.
जरा ठेंगणी, पण तीच.

ज्या मिथेनॉलनं मी भुकटी धुतली होती
ते कणाकणाच्या भेगांत बसून होतं,
आणि मी त्यालाच
आभाळातून आलेलं समजत होते.
त्या रात्री मेसमध्ये भाकरी मोडली, खाल्ली नाही.

मग नऊ दिवस नुसत्या पाण्यानं धुणं.
लाईट गेली की तापमान पडायचं, पुन्हा पहिल्यापासून.
मामा विचारायचे, "काय धुवायलीस इतकं?
दृष्ट लागली का तिला?"

दहाव्या दिवशी नायट्रोजन:
सपाट रेघ.
नांगरट झालेल्या काळ्या रानासारखी, टोकापर्यंत.
इतकं सुंदर काही मी कागदावर पाहिलं नव्हतं.
नंतर गॅस दिला.
टेकडी नव्हे, वारुळ.
पहिल्याच्या चाळिसाव्या हिश्शाएवढं.

वहीत आधी सपाट रेघ चिकटवली,
मग वारुळ.

मामा खिडकीच्या पट्टीवरची राख पुसत होते.
"या पिवळ्यानं ती चिमणी
किती दिवसांत आटोपंल?"
मी गणित मांडलं.
आकडा खोडला नाही,
फक्त मोठ्यानं वाचला नाही.
त्यांनी फडकं झटकलं,
आणि पट्टी
पुसल्या जागी परत करडी व्हायला लागली.