समासातले कावळे

माझ्या रजिस्टरला सात रकाने आहेत.
नाव, वय, गल्ली, प्रेशर, साखर, गोळी चालू का, अंगठा किंवा सही.
पाळी कधी गेली, हा रकाना नाही.

दहाला नळ जातो, तेव्हा चित्ता कॅम्पात बाया सापडतात,
पिंपं झाकून झालेली, पदराने मान पुसत.
मी दंडाला पट्टा गुंडाळते.
त्याचं वेल्क्रो कधीच गेलंय,
त्यामुळे आकडा येईपर्यंत
मीच धरून ठेवते, घट्ट.

वय कुणाला सांगता येत नाही.
"दंगलीत थोरला पोटात होता," मेहरुन्निसा म्हणते,
"त्यावरून लिहा काहीतरी."
मी बावन्न लिहिते.

मग आवाज खाली आणून: आणि कावळा?
(माझी आई असंच म्हणायची. कावळा शिवला,
की तिचं ताट वेगळं, घोंगडं वेगळं.)
हसतात सगळ्या.
"उडाला की! दोन वर्षं झाली. सुटले.
पॅडचे पैसे वाचतात."

सुटले.
रोज ऐकते मी हा शब्द.
देवळाच्या पायरीवर टेकावं तशा
घटकाभर टेकतात त्याच्यावर.
मग हळूच कुणीतरी:
रात्री अंगातून वाफ निघते गं,
पत्र्याची की माझी, कळत नाही.
छातीत पाखरू फडफडतं.
भाकरी तेवढीच, मग पोट का सुटतंय?
मशीन म्हणतं एकशे सत्तर, शंभर.
त्या म्हणतात, मशीन खोटं बोलतं,
आत्ताच चहा झाला होता.

वत्सला धोत्रे. गल्ली नंबर नऊ.
खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायची, ग्रोसच्या भावाने.
जबडा दुखतोय म्हणाली, डावीकडचा.
हातही जड. घाम फुटलेला,
पण घामाचं काय, तो तर वर्षभर फुटतच होता.
पुलाखालच्या दातवाल्याने दीडशेत दाढ काढली.
मुलीने दाखवली मला नंतर, कागदात बांधलेली.
पांढरी. कीड नाही कुठेच.
चौथ्या दिवशी खड्यांच्या ताटलीवर वाकली ती वाकलीच.
लोक म्हणाले, गॅस डोक्यात चढला.

तिच्या नवऱ्याला कळ आली होती त्या साली
गल्लीने वर्गणी काढलेली, रिक्षा उलटी घातलेली आत,
सायनला नेला. आज भाजी विकतो.
पुरुषाची छाती दुखते.
बाईचं काहीतरी दुखतं.

साखरेच्या रकान्यात मी लिहिलं होतं, दोनशे बारा.
गोळी चालू का: अर्धी.
उरलेली अर्धी त्याची. त्याच्या संपल्या होत्या.

तेव्हापासून समासात, पेन्सिलीने,
जिची गेली तिच्या नावाशी मी कावळा काढते.
पोरं काढतात तसा, दोन रेघांचा,
लांब उडून गेल्यावर उरतो तेवढा.

सुपरवायझर मॅडमनी पानं चाळली.
"या बरोबरच्या खुणा कसल्या? हे तपासून झालं का?"
म्हटलं, नाही मॅडम. तेच राहिलंय.
त्यांनी खोडरबर दिलं.
मी घेतलं. डब्यात आहे, अजून कोरं.

काल मोजले. एकशे चौदा, वत्सलाचा धरून.
पहिल्या पानावर छापलंय, सेविकेचं नाव:
कुंदा मोरजकर. तिथे समास अरुंद आहे,
तरी बसला एक.

मग दंड पुढे केला.
पण स्वतःच्या हाताला पट्टा धरायला
माणसाला तिसरा हात लागतो.
मेहरुन्निसाने धरला, दोन्ही हातांनी,
बांगड्या कोपरापर्यंत सारून.
तिला आकडे वाचता येत नाहीत.
मी मान वळवून बघायला गेले,
तर म्हणाली, "हलू नकोस.
बोलू पण नकोस.
मला तूच सांगतेस ना रोज."