म्हणा, तेहतीस

आमच्या गावाचं नाव तेहतीस आहे.
नुसता आकडा. कुणी तेहतीस जण
नदी ओलांडून लढायला आले होते म्हणे;
शाळेत त्यांची नावं पाठ करून घेत,
आता एकही आठवत नाही.
आठवतात ते डॉक्टर. छातीत कफ झाला की
पाठीला थंडगार नळी लावून सांगायचे:
म्हणा, तेहतीस.
देशभर हेच सांगतात, शब्द आत घुमतो म्हणून.
फक्त आम्हीच तो म्हणताना
आपल्या गावाचं नाव घेतो.

गिरणीत मी एकतीस वर्षं तांदळाची पोती मोजली.
आता रोपं मोजते.
कायदा म्हणतो नव्व्याण्णव. शंभरावं नाही.
सभासद आम्ही तेहतीस, माणशी तीन.
हिशेब कुणी मुद्दाम जुळवला नव्हता;
जुळला तेव्हा आबायुबा टेबलावर हात आपटून हसला
आणि मग बरगडी धरून बसला.

सगळेच तोळामासा.
त्याची हाडं आतून पोखरलेली.
मिल्तोनचे पाय रात्री स्वतःच्या मनाने नाचतात.
सोइलाच्या मुलाला दिवसाला नऊ झटके यायचे,
आता आठवड्याला दोन;
वखारीच्या भिंतीवर ती खडूने रेघा मारते.
माझी बोटं म्हणजे आल्याचा गड्डा.

जानेवारीच्या उकाड्यात, बॅटरीच्या उजेडात
नर झाडं हुडकून उपटायची असतात.
या कामाला दिनोरा सगळ्यांच्या पुढे.
दोन नवरे सोडलेली बाई,
प्रत्येक झाड उपटताना आलटूनपालटून
त्यांची नावं घ्यायची.

एप्रिलात कापणी. जिथे पूर्वी लोकर टांगत
तिथे फांद्या उलट्या टांगलेल्या.
मग काटा, बरण्या, चिठ्ठ्या. चिठ्ठीवर नाव नाही, क्रमांक.
महिन्याला चाळीस ग्रॅम, एक कण इकडेतिकडे नाही.
तपासायला येणाऱ्या बाई आमचा माते घेत नाहीत,
रोपं मोजतात, बरण्या मोजतात,
आणि निघताना दारात थबकून विचारतात,
गुडघ्याला याचा लेप चालतो का हो?
आईसाठी विचारतेय.

मे महिन्यात दिनोरा गेली.
एकोणीस नंबरची बरणी भरलेली राहिली.

त्याच रात्री फाटकाशी हेबर.
शेजारचा. सभासद नव्हे. आतड्याचं दुखणं तेच, दिनोराचं.
बरणी माझ्या हातात होती. त्याला दिसत होती.
म्हणाला, आता ती कुणाचीच नाही ना?
मी म्हटलं, वहीची आहे.
काय पण शब्द निघाला तोंडातून.
पोती मोजतानाही इतकी कोरडी नव्हते मी.
फाटक उघडलं नाही. तारांमधून फॉर्म दिला,
सहा आठवडे लागतील म्हटलं.
त्याने घडीवर घडी घालत
तो पार काडेपेटीएवढा केला
आणि टोपीत खोचला.

एकोणीस नंबर आम्ही दोन सह्यांनिशी
खतात कालवला.
वास तीन दिवस हेबरच्या कुंपणापर्यंत जात राहिला.
वहीत त्याला रकाना नाही.

फाटक उघडून दिली असती तर?
तर सोइलाच्या मुलाची बरणीही गेली असती,
वखारीला टाळं लागलं असतं.
हे खरं आहे.
हे खरं असूनही मी रात्री
कूस बदलते.

जुलैत, धुकं दाराच्या आत आलेलं,
हेबर पोत्यावर बसून खोकत होता.
नाव. जन्मतारीख. सही.
सभासद क्रमांक चौतीस;
एकोणिसावी ओळ आम्ही कुणाला देत नाही.
पण माणसं पुन्हा तितकीच झाली,
जितकी गावाच्या नावात आहेत.

काटा त्याच्याकडे वळवून म्हटलं, बघून घे.
त्याने काट्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच.
बरणी कोटाच्या आत, छातीशी धरली
आणि खोकत खोकत गेला.
रागावलाय अजून.
असू दे.
पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला
त्याला इथेच यायचंय.